खारी कणीक

भुकूम, २ जुलै २००२

जान्हवीताईंना मेधाचा नमस्कार.

जुईली रुळली. हे पहिल्याच ओळीत लिहिते, नाहीतर तुम्ही पुढचं पत्र धड वाचणार नाही. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी रस्त्यावर एसटी थांबली की जिन्यात जाऊन बसायची. आता बसत नाही. पोटभर जेवते, आमच्या अमोघला टपल्या मारते, म्हणजे घर आपलं मानलं असं मी समजते.

एकनाथराव गेल्यानंतर सासरी तुम्ही कसे दिवस काढलेत ते मनीषला आणि मला ठाऊक आहे. तेव्हा 'तुमच्यावर भार टाकला' वगैरे पुन्हा लिहू नका. ट्रेनिंग दीड वर्षाचं, होस्टेलात मूल ठेवू देत नाहीत, मग पोरगी मामाकडे नाही राहणार तर कुठे राहणार? तुम्ही नर्स होऊन या. तोवर ती इथे आहे.

एक गंमत सांगायची आहे. ती माझा पदर सोडत नव्हती. कणीक मळायला घेतली की गोळा मागायची आणि कच्चाच खायची. दोनदा पोट दुखलं. मनीषच्या मित्राची बायको बावधनला बालवाडी चालवते, तिने उपाय सांगितला. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाणी बेताने. छान मळायचं आणि मुलांच्या हातात द्यायचं. एकदा चाटून बघतात, परत तोंडात घालत नाहीत. त्याच्या बाहुल्या करायच्या, वाळवायच्या, रंगवायच्या. आता रोज दुपारी आमचा कारखाना चालतो. जुईलीने पोळपाट-लाटणं केलं, अमोघने साप केला. अमोघ काहीही करायला घेतो, त्याचा सापच होतो.

घरमालकीण धोंडाबाई वर आल्या आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "खायच्या पिठाचं खेळनं करतीया व्हय गं? मुंग्या लागतील मुंग्या." मी म्हटलं, मीठ आहे त्यात, नाही लागत. त्यांनी बोटाने चाखलं, तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या नातीला, वैष्णवीला, वर पाठवून दिलं. आता तीन मुलं आहेत.

तब्येत सांभाळा.

मेधा


परभणी, १४ जुलै २००२

मेधा,

पहिली ओळ वाचली आणि खाटेवर बसले. बाकीचं रात्री ड्युटीवरून आल्यावर वाचलं. तू शहाणी आहेस.

पिठाचं वाचून आधी धोंडाबाईंसारखंच वाटलं, खोटं कशाला सांगू. आमच्या सासूबाईंनी ताटातला घास टाकू दिला नाही कधी, आणि इथे वाटीवाटीने मैदा. मग विचार केला, की पोरगी जिन्यात बसायची थांबली आहे. मळ बाई, लागेल तितकं मळ.

वाळवायचं काय करतेस? आमच्याकडे कसं, सकाळी गच्चीवर टाकलं की दुपारपर्यंत खडखडीत. तू पत्र्यावर सुपात ठेव, वरून जुनं धोतर टाक, कावळे चोच मारतात.

इकडे ठीक आहे. वर्गात सगळ्या अठरा-वीसच्या पोरी, मला 'मावशी' म्हणतात. खोलीत शारदा म्हणून हिंगोलीची मुलगी आहे, झोपेत रडते, म्हणून मी तिच्याही खाटेकडे तोंड करून झोपते. सवय.

विचारू की नको करत होते. जुईली माझं नाव काढते का? काढत नसेल तरी लिही. नाही, काढत नसेल तर राहू दे.

अमोघला आत्याचा पापा.

जान्हवी


भुकूम, १२ ऑगस्ट २००२

जान्हवीताई,

तुमचं सूप आणि धोतर दोन्ही वाया गेलं. ही परभणी नाही. मुळशीत जून सुरू झाला की ऊन बघायला मिळत नाही. घरातले कपडे वाळत नाहीत, तर बाहुल्या काय वाळणार? मिठाने उलट हवेतलं पाणी ओढून घेतलं. सकाळी बघितलं तर सगळ्या घामाघूम, पोलिसाचा पाय वितळून म्हशीला चिकटलेला. जुईली रडली नाही. "यांना ताप आलाय," म्हणाली आणि सगळ्यांना फडक्यात गुंडाळून ठेवलं. तुमचीच लेक.

आता युक्ती सापडली आहे. जुन्या कढईत वाळू घालायची, वर ताटली, ताटलीत बाहुल्या, झाकण घालून मंद आच. केक करतो तसं. तासाभरात कडक होतात.

याच कढईपायी दिव्यांच्या अवसेला घोळ झाला. धोंडाबाईंनी मला मोठ्या कौतुकाने गुळाच्या कणकेचे दिवे करायला शिकवले. ते उकडून एका ताटलीत ठेवले. त्याच वेळी मुलांनी आपल्या खाऱ्या पिठाचे दिवे केले. ते भाजायचे म्हणून शेजारच्या ताटलीत. वैष्णवी नेमकी दुसरी ताटली घेऊन खाली गेली. धोंडाबाईंचे मालक भैरूबाबा जेवायला बसलेले. त्यांनी दिव्यावर तुपाची धार धरली आणि अख्खा दिवा तोंडात टाकला. उठले, परसात गेले, चूळ भरून आले आणि विचारलं, "औंदा गूळ मिळाला न्हाई काय कुटं?" धोंडाबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी पाजावं लागलं. आता गावात कुणीही भेटलं की मला गुळाचा भाव विचारतं.

आणि तुम्ही विचारलंत ते. हो, काढते नाव. परवा तिने तुमचीसुद्धा बाहुली केली. साडी पांढरी म्हणून रंग दिला नाही. फळीवर ठेवली आहे.

मेधा


परभणी, ३१ ऑगस्ट २००२

मेधा,

बाहुलीचं शारदाला वाचून दाखवलं, मेट्रनबाईंना सांगितलं, जेवण वाढणाऱ्या सगुणाबाईंनाही सांगितलं. काल तर एका बाळंतिणीला सांगितलं, तिला बिचारीला कळा येत होत्या.

काल श्रावणातला शुक्रवार. जिवतीची पूजा विधवेने करायची की नाही हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं की कुणीतरी नाही म्हणतं. मुलं जवळ नसली की आपण चारी दिशांना अक्षता टाकतो ना? माझी एकच आणि ती कुठे आहे तेही मला माहीत. मी सगळ्या अक्षता पश्चिमेच्या खिडकीतून टाकल्या. खाली वॉचमन बसला होता, त्याच्या टोपीवर पडल्या.

ती बाहुली मला पाठवशील? इथे भिंतीत एक कोनाडा आहे. तुमच्याकडच्या पावसात विरघळून गेली तर मला चालणार नाही.

जान्हवी


भुकूम, २१ ऑक्टोबर २००२

जान्हवीताई,

मनीषच्या ऑफिसातला मुलगा परभणीचा आहे. दिवाळीला घरी निघालाय, त्याच्या हाती डबा देते. कापसात गुंडाळलेली बाहुली आहे, बरोबर चकल्या. बाहुलीवर चकल्या ठेवू नका.

मनीष हल्ली घोटावड्यावरून हिंजवडीला जातो, रस्ता इतका उखडला आहे की मोटारसायकलीचा आरसा महिन्याला पडतो. अमोघ आता साप सोडून गोगलगाय करतो, म्हणजे तोच साप गुंडाळतो. जुईलीने मोठी बाजारपेठ मांडली आहे. वांगी, पाव, वजनाचा काटा. धोंडाबाईंची म्हैस तर हुबेहूब केली. ती बघून भैरूबाबा म्हणाले, "शिंग वाकडं हाय तेबी धरलंय पोरीनं."

दिवाळीला याच. मनीष स्टँडवर घ्यायला येईल. जुईली वाट बघते आहे.

मेधा


परभणी, १० नोव्हेंबर २००२

मेधा,

दिवाळीत प्रसूती वॉर्डाला सुट्टी नव्हती, म्हणून जमलं नाही. चकल्या खुसखुशीत.

बाहुली पोचली. एक हात मोडला होता, डिंकाने चिकटवला. साडीच्या निऱ्या फार सुबक आहेत, बारीक बारीक, काडीने काढलेल्या. शारदा म्हणाली, चार वर्षांच्या पोरीच्या हातात केवढी कला! मीही तसंच म्हटलं.

काल कोनाडा पुसायला बाहुली उचलली आणि पाठ बघितली. ओल्या पिठाला मागून आधार देताना अंगठा दाबला जातो, त्याचा खळगा आहे, रेघा सुद्धा उमटल्या आहेत. मी त्यात माझा अंगठा ठेवून बघितला. नेमका बसला.

मेधा, जुईलीचा अंगठा एवढा नाही.

जान्हवी


भुकूम, २४ नोव्हेंबर २००२

जान्हवीताई,

बाहुली मी केली. त्या पत्रात लिहिलं तेव्हा फळीवर काहीच नव्हतं. तुम्ही मागितलीत म्हणून दुपारी मुलं झोपल्यावर बसून केली.

मी जुईलीला सांगत होते, आईची बाहुली कर. एकदा नाही, रोज. ती म्हणाली, "ती इथे नाहीये ना." तिला समोर दिसतं ते ती करते. म्हैस दिसते, पाववाला दिसतो. मीही दिसते, माझ्या तर सहा बाहुल्या झाल्या असतील. हे तुम्हाला कसं लिहायचं होतं मी? तुम्ही 'राहू दे' लिहून तेच विचारलं होतंत.

आता निघालंच आहे तर सगळं लिहिते. ती मला आई म्हणते. अमोघ म्हणतो म्हणून तीही म्हणायला लागली. सुरुवातीला मी दर वेळी 'मामी म्हण' म्हणत होते. आता म्हणत नाही.

पण खोटं काय मी एकटीच बोलले? पाडव्याला मनीषने होस्टेलला फोन केला होता. वॉचमनने उचलला. "समद्या पोरी घरी गेल्या, जान्हवीम्याडम तेवढ्या हायेत," म्हणाला. ड्युटीवर आहेत का विचारलं तर, "न्हाई, खोलीत हायेत, बोलावू का?" मनीषने नको म्हटलं.

जुईलीने त्या दिवशी नवा फ्रॉक घालून जिन्यात बैठक मारली होती. तो जिना तिने सोडला होता, ताई. मला तुमचा भयंकर राग आला आहे.

मेधा


परभणी, ५ डिसेंबर २००२

मेधा,

सुट्टी होती. पिशवी भरली होती. स्टँडपर्यंत गेलेही, पुण्याची गाडी लागलेली होती. मी परत आले.

मला भीती वाटली. ती मला ओळखणार नाही ही भीती नव्हे. ओळखेल, पाहुण्यांना ओळखतात तशी. पुढे येईल, नमस्कार करेल आणि तुझ्यामागे जाऊन उभी राहील. ते मला बघवलं नसतं. यापलीकडे काही कारण नाही. मी इथे बाळंतपणं करते, रक्ताला भीत नाही, आणि माझ्याच पोरीला भ्याले.

ती तुला आई म्हणते हे वाचून पत्र फाडणार होते. फाडलं नाही. म्हणू दे. बोलणाऱ्या मुलाला उठता-बसता चूक दाखवली तर ते बोलणंच सोडतं. हे डोक्याला पटतं. बाकी कुठे पटलं आहे असं समजू नकोस.

संक्रांतीला येते. तिला आधी सांगू नकोस. जिन्यात बसायला नको.

जान्हवी


भुकूम, २ फेब्रुवारी २००३

जान्हवीताई,

तुम्ही गेल्यावर घर दोन दिवस सुनं होतं. अमोघ विचारत होता, "आत्या परत कधी भांडायला येणार?" आपण भांडलो नव्हतो, आपण मोठ्याने बोललो. त्याला कुठे कळतं.

पहिल्या दिवशी ती "आई गं" म्हणून ओरडली आणि आपण दोघी एकदम उठलो, दोघी एकदम थांबलो, तेवढ्यात तिने पाण्याची अख्खी कळशी लवंडली. धोंडाबाईंनी हे गावभर केलं आहे. "दोन आया आन् एक कळशी, तरी पानी सांडलंच," म्हणतात.

तुम्ही पुरीच्या पिठासारखी कणीक घट्ट मळलीत, म्हणून जुईली तुम्हाला रागावली ते आठवतं? "असं नाही, पाणी घाल. तुला येत नाही का?" तुम्ही पाणी घातलंत आणि तिच्याकडून शिकलात. मी ओट्याशी होते, बघत होते. तुमच्या त्याच घट्ट गोळ्यातून तिने तुम्हालाच वाटी करून दाखवली. मला वाटतं तिथून तिला तुम्ही आवडायला लागलात. ज्याला काही येत नाही ते माणूस मुलांना फार आवडतं.

आता रोज विचारते, "एसटीवाली आई कधी येणार?" मी एसटीवाली नाही, म्हणजे मी कोण हे तिने अजून ठरवलेलं नाही.

दर सुट्टीत या. राग गेला आहे.

मेधा


परभणी, १८ फेब्रुवारी २००४

मेधा,

पास झाले, दुसरी आले. जिंतूर तालुक्यात उपकेंद्रावर नेमणूक मिळाली आहे. मागे दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, अंगणात लिंबाचं झाड, शाळा हाकेवर. जूनमध्ये जुईलीला पहिलीत घालते. मे अखेरीला न्यायला येते.

जान्हवी


भुकूम, २७ फेब्रुवारी २००४

जान्हवीताई,

अभिनंदन. मनीषने कोपऱ्यावरून पेढे आणले. तिचे कपडे, पुस्तकं भरायला घेते.

मेधा


उपकेंद्र, ता. जिंतूर, ९ जून २००४

मेधा,

आम्ही सुखरूप पोचलो हे मनीषला फोनवर सांगितलंच. हे पत्र तुला.

मी चार दिवस तुझ्याकडे होते. त्या चार दिवसांत तू तिला एकदाही जवळ घेतलं नाहीस. अंघोळीला ती तुझ्याकडे धावली तर म्हणालीस, "तुझ्या आईला सांग." झोपताना तुझ्या अंथरुणात शिरली, तर तू उठून स्वयंपाकघरात निघून गेलीस. तिने तुझ्यासाठी खाऱ्या पिठाचं ताट वाढून आणलं, भात, वरण, लिंबाची फोडसुद्धा. तू बघितलंही नाहीस. "ठेव तिकडे," म्हणालीस. निघायच्या सकाळी तिच्या हातून दूध सांडलं तेव्हा तू तिला अशी ओरडलीस की ती धावत माझ्याकडे आली. आणि रस्त्यापर्यंत पोचवायला मनीष आला, अमोघ आला, धोंडाबाईसुद्धा आल्या. तुझं डोकं दुखत होतं.

दोन वर्षं परक्याचं मूल सांभाळणं सोपं नाही, हे मला कळतं. कंटाळा आला असेल. पण कंटाळा आला होता तर मला सांगायचं होतंस, मी आधी नेली असती. शेवटच्या चार दिवसांत पोरीला का दाखवायचं? पुण्यापर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली. मग मला विचारलं, "मी काय केलं?" मी काय सांगणार?

तुझे उपकार मी जन्मात विसरणार नाही. हेही विसरणार नाही.

जान्हवी


भुकूम, २० जून २००४

जान्हवीताई,

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तुमचं पत्र मी धोंडाबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तू लई वंगाळ वागलीस पोरीशी. पन आता ताईला खरं न्हाई सांगितलंस तर त्याहून वंगाळ." म्हणून लिहिते.

तुम्ही आलात त्या संध्याकाळी ती तुम्हाला भेटली, खाऊ घेतला आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. तुम्ही दीड वर्षापूर्वी लिहिलं होतंत अगदी तशी. मी तुमचा चेहरा बघितला. अशीच ठेवली तर चौथ्या दिवशी तिला माझ्या अंगावरून ओढून न्यावं लागेल, हे मला तेव्हाच दिसलं. तिने किंचाळत तुमच्याबरोबर जावं आणि तुम्ही वाटभर त्या किंचाळण्याचा विचार करावा, मग जिंतूरला एकटीने तिच्याशी निभवावं. मला दुसरं काही सुचलं नाही. माझ्याकडून ती सुटली तर तुम्हाला धरेल, एवढंच कळत होतं. मी आईसारखी राहिले असते तर तुम्ही एसटीवाल्याच राहिला असता.

अंघोळीला तिला तुमच्याकडे पाठवलं आणि न्हाणीच्या दारामागे उभी राहिले. साबण डोळ्यात गेला म्हणून ती रडली, तुम्ही फुंकर घालत होतात. मला आत यायचं होतं. स्वयंपाकघरात गेले ते डाळ निवडायला नव्हे, तोंडात पदर कोंबायला गेले. दूध सांडल्यावर ओरडले ते ठरवून, आणि ओरडल्याबरोबर ती तुमच्या कुशीत गेली ते मी बघितलं. त्यासाठीच ओरडले होते. तरी ती तुमच्या कुशीत गेली तेव्हा मला तुमचा हेवा वाटला. किती, ते लिहिता येत नाही.

डोकं दुखत नव्हतं. मी गोठ्यात होते, म्हशीच्या आड. तिथून रस्ता दिसतो. गाडी चांदणी चौकाच्या बाजूला गेली, दिसेनाशी झाली, तरी तिथेच उभी होते. भैरूबाबा आले, वैरण टाकली आणि गेले.

मला कंटाळा आला नव्हता, ताई. मला ती हवी होती. मार्चपासून रोज मनात यायचं की उपकेंद्राचं रद्द व्हावं, तुमची नेमणूक लांबावी. एकदा तर मनीषला म्हटलं, इथल्याच शाळेत घालू, ताईंना पटवून देऊ. तो म्हणाला, "मेधा, ती ताईची आहे." दुसऱ्याने बोलून दाखवलं की कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं.

तिने विचारलं ना, मी काय केलं. तिला सांगा, काही नाही केलं. मामीचं चुकलं म्हणून सांगा.

मेधा


उपकेंद्र, ता. जिंतूर, २ जुलै २००४

मेधा,

पत्र लसीकरणाच्या दिवशी आलं. बाहेर बाया रांगेत आणि मी आत टेबलाशी, सुई हातात. सगळ्यांना बसायला सांगितलं आणि मागच्या खोलीत जाऊन रडून आले. मग लसी टोचल्या.

माझं मागचं पत्र फाडून टाक. फाडवत नसेल तर धोंडाबाईंकडे दे, त्या चुलीत घालतील.

रात्री जुईलीला मांडीवर घेऊन सांगितलं, की तू काहीच केलं नाहीस. मामीला तू जाऊ नयेस असं वाटत होतं, म्हणून ती तशी वागली. ती म्हणाली, "वाटत होतं तर ओरडली का?" मी म्हटलं, मोठी माणसं करतात असं. "वेडी आहेत," म्हणाली. मग झोपेपर्यंत तुझ्याबद्दलच बोलत होती. मामी अशी वेणी घालते, मामी तशी आमटी करते, मामी गाणं चुकीचं म्हणते. महिनाभर तिने तुझं नाव घेतलं नव्हतं. मी ते चांगलं लक्षण समजत होते, मूर्खासारखी.

तुझं बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही. माझ्या जागी असतीस तर तूही म्हणाली नसतीस. पण ती मला धरून आहे. अंधार पडला की माझ्या मागे मागे फिरते. रात्री उपकेंद्रात बाळंतीण आली की उठून माझा कंदील धरते. हे तू करून दिलंस, आणि कशाने करून दिलंस ते मला माहीत आहे.

आता एक ऐक. दिवाळीला तुम्ही तिघं इकडे या. कारण सांगू नकोस, मी सगळी कारणं स्वतः वापरलेली आहेत. गाडी गावाच्या फाट्यावर थांबते, तिथून दोन शेतं चालायचं. दार उघडंच असेल आणि ती अंगणात असेल. तू आलीस की आधी तिला उचलून घे. नमस्कार, पिशव्या, पाणी, सगळं नंतर. रडलीस तरी चालेल. मी आत चहा ठेवलेला असेल, आणि उतू गेला तरी बाहेर येणार नाही.

जान्हवी